गुणोत्तर कसे समजून घ्यावे: एका भागाची किंमत शोधण्याची रीत

दोन संख्यांची तुलना करण्याच्या दोन रीती आहेत आणि गुणोत्तराच्या गणितांत होणारा जवळजवळ प्रत्येक गोंधळ या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे होतो. पहिली रीत वजाबाकीची आहे. एक संख्या दुसरीपेक्षा कितीने जास्त किंवा कमी आहे, हे ती सांगते. दुसरी रीत भागाकाराची आहे. एक संख्या दुसरीच्या कितीपट आहे, हे ती सांगते. गुणोत्तर म्हणजे ही दुसरी रीत. सहावी-सातवीतले मूल ही व्याख्या सहज पाठ करते. पण प्रत्यक्ष उदाहरण समोर आले की हात वजाबाकीकडेच वळतो, कारण ती सवय पहिलीपासूनची असते. इंदूरच्या अनेक मराठी घरांत मुलाचे पुस्तक हिंदी किंवा इंग्रजी असते आणि समजावून सांगणे मात्र मराठीत, बहुधा आईकडे किंवा आजोबांकडे, आलेले असते. अशा समजावणाऱ्यांसाठी, तसेच एखाद्या परीक्षेच्या निमित्ताने हा विषय नव्याने हाती घेणाऱ्या प्रौढांसाठी पुढील मांडणी केली आहे.

कितीने आणि कितीपट

चैत्रातल्या हळदीकुंकवाचे पन्हे घेऊ. समजा, एका घरात गूळ घालून तयार केलेल्या कैरीच्या २ वाट्या गराला ५ वाट्या पाणी, असा हिशेब ठरलेला आहे. यंदा पाहुण्या जास्त येणार म्हणून गर ३ वाट्या घेतला, तर पाणी किती घ्यावे? मुलांना हे विचारून पाहावे. ‘सहा वाट्या’ हे उत्तर फार वेळा येते. गर एका वाटीने वाढला, म्हणून पाणीही एका वाटीने वाढवले, असा त्यामागचा विचार असतो आणि वरवर पाहता तो न्यायाचाही वाटतो. तो का चुकतो, हे नियम सांगून पटत नाही, वाटीवाटीने मोजून पटते. पहिल्या पन्ह्यात एका वाटी गराच्या वाट्याला अडीच वाट्या पाणी येत होते; ३ वाट्या गर आणि ६ वाट्या पाणी घेतल्यावर एका वाटी गराला दोनच वाट्या पाणी मिळते. पन्हे दाट झाले, चव बदलली. चव तीच हवी असेल तर तिन्ही वाट्यांना प्रत्येकी अडीच, म्हणजे साडेसात वाट्या पाणी लागेल. गर आणि पाणी यांतला फरक आधी ३ वाट्यांचा होता, तो आता साडेचार वाट्यांचा झाला. बदलले नाही ते गुणोत्तर.

याच्या नेमके उलट वागणारे उदाहरण लगेच शेजारी ठेवावे. आई ३० वर्षांची आणि मुलगी ५ वर्षांची आहे. आईचे वय मुलीच्या सहापट आहे. दहा वर्षांनी आई ४० वर्षांची आणि मुलगी १५ वर्षांची होईल, तेव्हा गुणोत्तर ६:१ न राहता ८:३ होईल. येथे गुणोत्तर बदलले आणि २५ वर्षांचा फरक मात्र जन्मभर कायम राहिला.

म्हणून कोणतेही उदाहरण वाचल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा की, या प्रसंगात कायम काय राहणार आहे? मिश्रण, पाककृती, नकाशा, भाव, नफ्याची वाटणी यांत गुणोत्तर कायम राहते. वय वाढणे, दोघांना सारखीच रक्कम मिळणे, दोन्ही डब्यांतून तितकेच लाडू काढणे यांत फरक कायम राहतो. माझ्या मते हा प्रश्न सूत्रांच्या आधी, आणि सूत्रांपेक्षा अधिक वेळ देऊन, शिकवला पाहिजे. तिरकस गुणाकाराची घाई केली की मूल उत्तर काढू लागते, पण गुणाकार का चालला हे त्याला सांगता येत नाही, आणि पुढे जेथे तो चालत नाही तेथेही ते तोच वापरते.

लिहिताना क्रम, मोजताना एकक

गर आणि पाणी यांचे गुणोत्तर २:५ असे लिहितात आणि ‘दोनास पाच’ असे वाचतात. पहिल्या संख्येला पूर्वपद आणि दुसरीला उत्तरपद म्हणतात. ज्याचे नाव वाक्यात आधी येते, त्याची संख्या आधी लिहायची, एवढाच नियम आहे. पण तो मोडला की सारे उलटे होते, कारण ५:२ म्हणजे गराच्या निम्म्याहूनही कमी पाणी.

क्रमाचे उत्तम उदाहरण आपला राष्ट्रध्वज आहे. त्याच्या लांबीचे रुंदीशी गुणोत्तर ३:२ असावे, असे ध्वजसंहितेत ठरवून दिलेले आहे. संहितेतल्या प्रमाणित आकारांपैकी सर्वांत मोठा ६३०० मिलिमीटर लांब आणि ४२०० मिलिमीटर रुंद आहे, तर सर्वांत लहान १५० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर रुंद आहे. पहिल्यात लांबी रुंदीपेक्षा २१०० मिलिमीटरने जास्त आहे, दुसऱ्यात केवळ ५० मिलिमीटरने. तरीही दोन्हींचे भागाकार करून पाहिले तर दीडच येतात आणि म्हणूनच दोन्ही ध्वज एकाच घाटाचे दिसतात. पंधरा ऑगस्टला मूल कागदाचा ध्वज करायला बसते, तेव्हा १८ सेंटिमीटर लांबीला रुंदी किती, हे त्याच्याकडून काढून घ्यावे. १८ म्हणजे ३ भाग, म्हणून एक भाग ६, म्हणून रुंदी १२ सेंटिमीटर. ‘एक भाग किती’ ही रीत येथे सहज आली. तिच्याकडे पुढे सविस्तर वळू.

एककाविषयी थोडक्यात सांगता येईल. दोन्ही राशी एकाच प्रकारच्या असल्या पाहिजेत आणि एकाच एककात मोजलेल्या असल्या पाहिजेत. २५० ग्रॅमचे २ किलोशी गुणोत्तर २५०:२ नसून २५०:२०००, म्हणजे १:८ आहे; ४० मिनिटांचे २ तासांशी गुणोत्तर ४०:१२०, म्हणजे १:३ आहे. एकक सारखे असल्यामुळे भागाकारात ते निघून जाते आणि गुणोत्तर ही नुसती संख्या उरते, तिला ग्रॅम किंवा मिनिटे लावायची नसतात. किलोमीटर आणि तास, रुपये आणि किलो अशा भिन्न प्रकारच्या राशींची तुलना केली तर जे मिळते त्याला दर म्हणतात. तेथे एकक मागे राहते, म्हणून वेग सांगताना ‘ताशी इतके किलोमीटर’ असे पूर्ण म्हणावे लागते.

गुणोत्तर लहान करणे

दोन्ही पदांना एकाच संख्येने गुणले किंवा भागले तरी गुणोत्तर बदलत नाही (ती संख्या शून्य नसावी, हे ओघाने आलेच). ८४:१२६ पाहताच काही बोध होत नाही, पण दोघांचा मसावि ४२ आहे आणि त्याने भागल्यावर २:३ मिळते. मसावि सुचला नाही तरी अडत नाही. आधी २ ने, मग ३ ने, मग ७ ने भागत गेले तरी तेथेच पोहोचतो. अपूर्णांक असतील तर उलट गुणावे: दीड आणि सव्वादोन यांना ४ ने गुणले की ६ आणि ९ मिळतात, म्हणजे २:३. दशांश चिन्ह असेल तर १० ने किंवा १०० ने गुणावे: ०.६ आणि १.५ म्हणजे ६ आणि १५, म्हणजे २:५.

दोनपैकी मोठे गुणोत्तर कोणते, असा प्रश्न आला तर उत्तरपदे सारखी करून घ्यावीत. ३:४ आणि ५:७ यांची उत्तरपदे २८ केली की २१:२८ आणि २०:२८ असे होते. पहिले मोठे आहे. उत्तरपद १०० केले तर त्यालाच शेकडेवारी म्हणतात. शेकडेवारी हा निराळा विषय म्हणून शिकवला जातो, पण तो गुणोत्तराचाच एक सोयीचा पोशाख आहे.

भागाचे भागाशी, की भागाचे सगळ्याशी?

सर्वांत जास्त गुण ज्या ठिकाणी जातात ते हे ठिकाण आहे, म्हणून येथे सावकाश जावे. गर आणि पाणी २:५ असेल तर पन्ह्यात गर किती आहे? ‘दोन पंचमांश’ हे उत्तर चूक आहे. २ भाग गर आणि ५ भाग पाणी मिळून ७ भाग होतात, म्हणून पन्ह्यात गर दोन सप्तमांश आहे. २:५ हे गुणोत्तर एका भागाची तुलना दुसऱ्या भागाशी करते. २:७ हे गुणोत्तर एका भागाची तुलना सगळ्याशी करते. दोन्ही खरी आहेत, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

हा भेद पक्का करायचा असेल तर इंदूरच्या सराफ्यात दिवसा जावे. रात्री तेथे खाण्याचे ठेले लागतात आणि मग गणिताकडे लक्ष राहत नाही. शुद्ध सोने २४ कॅरेटचे मानतात. २२ कॅरेटचे सोने म्हणजे एकूण २४ भागांपैकी २२ भाग सोने आणि उरलेले २ भाग तांबे, चांदी यांसारखे दुसरे धातू. याचा अर्थ सोन्याचे सगळ्याशी गुणोत्तर २२:२४, म्हणजे ११:१२ आहे, आणि सोन्याचे मिश्रधातूशी गुणोत्तर २२:२, म्हणजे ११:१ आहे. दागिन्यावरच्या हॉलमार्कमध्ये ९१६ हा आकडा असतो, तो हेच हजारात सांगतो: ११ भागिले १२ म्हणजे ०.९१६ आणि पुढे सहा येतच राहतात. १८ कॅरेटसाठी सोन्याचे सगळ्याशी ३:४, मिश्रधातूशी ३:१, आणि शिक्का ७५०. (१४ कॅरेटचा भागाकार ०.५८३ येतो, पण शिक्का ५८५ असतो. म्हणजे तेथे शिक्का कॅरेटच्या हिशेबापेक्षा किंचित जास्त शुद्धता सांगतो.)

आता २२ कॅरेटच्या ३६ ग्रॅमच्या बांगड्यांत सोने किती? एकूण १२ भाग म्हणजे ३६ ग्रॅम, एक भाग ३ ग्रॅम, सोने ११ भाग म्हणजे ३३ ग्रॅम, बाकीचे धातू ३ ग्रॅम. ज्याने ११:१२ हे भागाचे भागाशी गुणोत्तर समजून २३ ने भागायला सुरुवात केली, त्याचे सोने निम्म्याहून कमी भरेल. उत्तर इतके अविश्वसनीय आले की तेथेच थांबून मागे वळावे.

वर्तमानपत्रातही हा भेद लागतो. २०११ च्या जनगणनेत भारतात दर १००० पुरुषांमागे ९४३ स्त्रिया होत्या. हे भागाचे भागाशी गुणोत्तर आहे. लोकसंख्येत स्त्रियांचा वाटा किती, असे विचारले तर ९४३ ला १००० ने नव्हे, १९४३ ने भागावे लागते. उत्तर सुमारे ४८.५ टक्के येते.

भागांची बेरीज नेहमीच अर्थपूर्ण असते, असेही मानू नये. घराच्या बांधकामात सिमेंट, रेती आणि गिट्टी १:२:४ असे सांगतात. हे माप घमेल्याचे आहे, वजनाचे नाही, आणि १ + २ + ४ अशी सात घमेली कोरडा माल एकत्र केला तरी सात घमेली काँक्रीट मिळत नाही, बरेच कमी मिळते, कारण गिट्टीच्या फटींत रेती आणि रेतीच्या फटींत सिमेंट जाऊन बसते. वजनाची बेरीज मात्र कमी होत नाही. गुणोत्तर वजनाचे आहे की आकारमानाचे, हे म्हणूनच आधी विचारून घ्यावे.

एक भाग किती?

वाटणीची सगळी उदाहरणे एकाच कृतीने सुटतात. वहीवर सारख्या आकाराचे चौकोन काढावेत, जितके भाग तितके चौकोन. मग उदाहरणात दिलेली संख्या नेमक्या कोणत्या चौकोनांची आहे, हे शोधून तेवढ्या चौकोनांवर ती लिहावी. भागाकार केला की एका चौकोनाची किंमत कळते आणि त्यानंतर उरतो तो केवळ गुणाकार. अवघड भाग गणिताचा नाही, ‘कोणत्या चौकोनांची’ हे वाचण्याचा आहे.

समजा, तीन मैत्रिणींनी दिवाळीच्या फराळाचा उद्योग ४०,००० रुपये, ६०,००० रुपये आणि १,००,००० रुपये घालून सुरू केला आणि नफा ४५,००० रुपये झाला. भांडवलाचे गुणोत्तर २:३:५. नफा सगळ्या, म्हणजे १० चौकोनांचा आहे. एक चौकोन ४,५०० रुपयांचा. वाटे ९,०००, १३,५०० आणि २२,५०० रुपये. भांडवल वेगवेगळ्या काळासाठी गुंतवले असेल तर आधी त्याला महिन्यांनी गुणून घ्यावे: एकीचे ३०,००० रुपये १२ महिने आणि दुसरीचे ४०,००० रुपये ६ महिने असतील, तर गुणोत्तर ३:४ नसून ३६:२४, म्हणजे ३:२ होते. कमी रक्कम घालणारीला जास्त वाटा मिळतो, हे मुलांना प्रथम खटकते, खटकू द्यावे.

दुसऱ्या प्रकारात एकूण संख्या दिलेलीच नसते. मंडळाच्या सहलीत मोठे आणि मुले यांचे गुणोत्तर ५:३ आहे आणि मोठी माणसे मुलांपेक्षा २४ ने जास्त आहेत, असे म्हटले तर २४ ही संख्या ८ चौकोनांची नाही, मोठ्यांच्या ओळीत जे २ चौकोन जास्त आहेत त्यांची आहे. एक चौकोन १२ चा. मोठे ६०, मुले ३६. ‘मोठी माणसे २५ आहेत’ असे म्हटले असते तर २५ ही संख्या मोठ्यांच्या ५ चौकोनांवर गेली असती.

तिसऱ्या प्रकारात गुणोत्तर बदलते आणि येथे पहिल्या भागातला प्रश्न कामी येतो. वडील ४० वर्षांचे, मुलगा १० वर्षांचा. किती वर्षांनी त्यांच्या वयांचे गुणोत्तर ५:२ होईल? बीजगणिताने हे सुटतेच, पण चौकोनांनी अधिक लवकर सुटते. वयांत फरक कायम राहतो, तो ३० वर्षांचा. ५:२ मध्ये फरक ३ चौकोनांचा. म्हणून एक चौकोन १० वर्षांचा, त्या वेळी वडील ५० वर्षांचे, मुलगा २० वर्षांचा. म्हणजे १० वर्षांनी. समीकरण मांडायचे असेल तर ते पुढे हवे तेव्हा मांडता येते आणि चौकोनांत ‘एक भाग’ म्हणून जे होते, तेच समीकरणात ‘क्ष’ या नावाने येते.

दोन वेगळी गुणोत्तरे जोडताना मधल्या राशीचे भाग सारखे करावेत. अ आणि ब यांचे गुणोत्तर २:३, ब आणि क यांचे ४:५ असेल, तर ब एकदा ३ भागांचा आहे आणि एकदा ४ भागांचा. दोन्हीकडे त्याला १२ केले की पहिले ८:१२ आणि दुसरे १२:१५ होते. तिघांचे मिळून ८:१२:१५. आधी २:३:५ असे लिहून मोकळे होणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. दोन ठिकाणचा चौकोन एकाच आकाराचा नाही, हे त्यांना चित्र काढल्याशिवाय दिसत नाही.

मिश्रणाच्या उदाहरणांसाठी भंवरकुआँ भागातल्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत एक आडवी-तिरपी आकृती शिकवतात. २४ कॅरेट आणि १८ कॅरेटचे सोने कोणत्या गुणोत्तरात मिसळले तर २२ कॅरेट होईल? आकृती सांगते: २२ उणे १८ म्हणजे ४, आणि २४ उणे २२ म्हणजे २, गुणोत्तर ४:२, म्हणजे २:१. युक्ती खरी आहे, पण तिचे कारण एका ओळीचे आहे आणि ते कळल्यावर आकृती पाठ करावी लागत नाही: २४ कॅरेटचा प्रत्येक भाग २ ने वर आहे, १८ कॅरेटचा प्रत्येक भाग ४ ने खाली आहे, म्हणून एका खालच्या भागाला तोलायला दोन वरचे भाग लागतात. ताळा करून पाहावा: २४, २४ आणि १८ यांची बेरीज ६६, तिला ३ ने भागून २२.

त्रैराशिक आणि त्याच्या मर्यादा

दोन गुणोत्तरे समान असली की त्या चार संख्या प्रमाणात आहेत, असे म्हणतात, आणि तीन माहीत असताना चौथी काढणे म्हणजे त्रैराशिक. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयाच्या गणितपादात ही रीत दिली आहे आणि भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतीत तिच्या जोडीला व्यस्त त्रैराशिक आणि पंचराशिकही आहे. जुनी मांडणी अशी: प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी, फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की इच्छाफल मिळते. समजा, ३ किलो शेवेला ८४० रुपये पडतात, तर ५ किलोला किती? प्रमाण ३, फल ८४०, इच्छा ५. ८४० गुणिले ५ भागिले ३, म्हणजे १,४०० रुपये. आधी एका किलोचे २८० काढून मग ५ ने गुणले तरी तेच. मला दुसरी वाट अधिक पसंत आहे, कारण मधल्या पायरीला अर्थ आहे. पहिल्या वाटेत ८४० गुणिले ५ चे ४,२०० येतात, आणि ते ४,२०० कशाचे, हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. पहिली वाट मात्र तेथे उपयोगी पडते, जेथे एकाची किंमत अवघड दशांशात येते.

व्यस्त प्रमाणात गुणोत्तर नव्हे, गुणाकार कायम राहतो. ६ कारागीर एक काम १० दिवसांत करतात; काम ६० दिवसांचे, एका माणसाच्या हिशेबाने. ४ कारागिरांना ते १५ दिवसांत होईल. माणसे कमी, दिवस जास्त, हे आधी तोंडी म्हणून घ्यावे. मग उत्तर १० पेक्षा लहान आले तर चूक आपोआप पकडली जाते.

आणि काही ठिकाणी दोन्हींपैकी काहीच चालत नाही. रिक्षाच्या भाड्यात सुरुवातीचे किमान भाडे ठरलेले असते, म्हणून दुप्पट अंतराला दुप्पट भाडे होतेच असे नाही. कुकरमध्ये ४ बटाट्यांऐवजी ८ बटाटे घातले म्हणून शिट्ट्या दुप्पट कराव्या लागत नाहीत. ही उदाहरणे मुद्दाम मधेच द्यावीत, नाहीतर तीन संख्या दिसल्या की त्रैराशिक, अशी सवय लागते.

लांबी दुप्पट, कापड चौपट

नकाशावर १:५०,००० लिहिलेले असते, त्याचा अर्थ नकाशातला १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर, म्हणजे ५०० मीटर. भारतीय सर्वेक्षण विभागाचे अनेक स्थलदर्शक नकाशे या मापाचे असतात. त्यांत २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. लांबीसाठी हे पुरे आहे, पण क्षेत्रफळासाठी नाही. नकाशातला १ चौरस सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर गुणिले ५०० मीटर, म्हणजे पाव चौरस किलोमीटर, अर्धा नव्हे. ध्वजाचेही तसेच आहे: ९०० गुणिले ६०० मिलिमीटरच्या ध्वजाची लांबी आणि रुंदी ४५० गुणिले ३०० मिलिमीटरच्या ध्वजाच्या दुप्पट आहे, पण कापड चौपट लागते. लाडवाचा व्यास दुप्पट केला तर सारण आठपट लागेल, आणि हे वळायला बसण्यापूर्वी कळलेले बरे. लांबीचे गुणोत्तर १:२ असेल तर क्षेत्रफळाचे १:४ आणि घनफळाचे १:८ होते. एकच गुणोत्तर तिन्ही ठिकाणी लावू नये.

सरावासाठी चार उदाहरणे

पुढील उदाहरणे आधी वहीवर सोडवून मग उत्तर वाचावे.

४५० ग्रॅमचे १.२ किलोशी गुणोत्तर किती? दोन्ही ग्रॅममध्ये घेतले की ४५०:१२००, म्हणजे ३:८.

दोघी बहिणींकडच्या पुस्तकांचे गुणोत्तर ७:४ आहे आणि थोरलीकडे १८ पुस्तके जास्त आहेत. १८ ही ३ चौकोनांची किंमत, एक चौकोन ६ चा. थोरलीकडे ४२, धाकटीकडे २४.

अ आणि ब यांचे गुणोत्तर ३:४, ब आणि क यांचे ६:७, आणि तिघांची बेरीज ७० आहे. ब ला दोन्हीकडे १२ केले की ९:१२:१४ मिळते. एकूण ३५ भाग, एक भाग २. म्हणून १८, २४ आणि २८.

दूध आणि पाणी यांच्या १२ लिटर मिश्रणात त्यांचे गुणोत्तर ३:१ आहे. ते १:१ व्हावे यासाठी आणखी किती पाणी घालावे लागेल? येथे ना गुणोत्तर कायम राहते, ना फरक. कायम राहते ते दूध. १२ लिटरचे ४ भाग, एक भाग ३ लिटर, म्हणून दूध ९ लिटर आणि पाणी ३ लिटर. दूध ९ च राहणार असल्यामुळे पाणीही ९ लिटर व्हायला हवे, म्हणजे ६ लिटर पाणी घालावे लागेल आणि मिश्रण १८ लिटर होईल.